अडीच हजार फेऱ्यांची गाडी : प्रस्तावना

नागोठण्याहून रोह्याला येताना लागणारा भिसे खिंडीचा चढ माझी पद्मिनी कित्येक वर्षं तिसऱ्या गिअरात चढत आली होती. चार माणसं आणि डिकीत सामान असलं तरी तिनं कधी कुरकुर केली नाही. इंजिनाचं काम करून आणलं आणि पुढच्याच पावसाळ्यात तिनं त्या चढावर मान टाकली. तिसऱ्यात घातली की थरथरून बंद पडायला यायची, दुसऱ्यात घातली की कार्बोरेटरमधून खोकल्यासारखे आवाज यायचे. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचे शिंतोडे. आणि हीच गाडी कोलाडच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला, काटा सत्तरच्या पुढे सरकला, की अशी सुटायची की पूर्वी कधी तशी धावली नव्हती.

वरशात आमच्या आळीत मुंबईला पंचवीस-तीस वर्षं काळी-पिवळी चालवून परतलेले एक काका राहतात. त्यांना गाडीत बसवून खिंडीपर्यंत नेलं. एका चढातच त्यांनी निदान केलं : “अरे, हिचा दम वर गेलाय. खाली काही उरलं नाही. कॅमला हात लावलाय का कोणी?”

लावला होता. ज्या गॅरेजमध्ये हेड उघडलं तिथं मला सांगितलं होतं, की कॅम जरा घासून घेतलाय, पिकअप वाढेल. मी मान डोलावली होती, कारण पिकअप कुणाला नको असतो? नंतर इंजिन पुन्हा उघडलं तेव्हा आत काहीच बिघडलेलं सापडलं नाही. रिंगा नव्या, व्हॉल्व्ह नीट बसलेले, कॅमसुद्धा सफाईनं घासलेला. तो कॅम शर्यतीच्या गाडीला शोभला असता. रोज रोहा-नागोठणे-पेण करणाऱ्या गाडीला तो चुकीचा होता, एवढंच.

या पुस्तिकेचं मूळ त्या चढावर आहे. जुनी गाडी हौसेनं जपणाऱ्या आणि रस्त्यावर रोज चालवणाऱ्या माणसानं कॅमशाफ्ट कसा निवडावा, हा तिचा विषय. मराठीत यावर सलग लिहिलेलं मला कुठं मिळालं नाही. मिस्त्री लोकांच्या हातात हे ज्ञान असतं, पण ते कागदावर येत नाही. आणि इंग्रजीतलं बहुतेक लेखन अमेरिकेतल्या मोठ्या व्ही-८ इंजिनांसाठी आहे. त्यातली सूत्रं उचलून अकराशे सीसीच्या फियाटला लावली की काय होतं, ते मी भोगलेलं आहे.

कॅमशाफ्ट म्हणजे आठ उंचवटे असलेला एक दांडा. चार सिलिंडर, प्रत्येकाला मिश्रण आत घेणारा एक व्हॉल्व्ह आणि धूर बाहेर सोडणारा एक, म्हणून आठ. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. उंचवटा, म्हणजे लोब, खालून टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर वरून व्हॉल्व्ह दाबतो. पद्मिनी साठच्या वेगानं चौथ्या गिअरात चालते तेव्हा इंजिन अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास असतं. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला वीसहून जास्त वेळा उघडतो आणि मिटतो. तो कधी उघडायचा, किती उघडायचा आणि कधी मिटायचा, हे सगळं त्या उंचवट्याच्या आकारात कोरलेलं असतं. कार्बोरेटर फिरवून किंवा पॉइंट सेट करून ते बदलत नाही.

या तिन्हींत ‘कधी मिटायचा’ याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, आणि रस्त्यावरच्या गाडीचं नशीब नेमकं तिथंच ठरतं. आत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोहोचताक्षणी मिटत नाही. पिस्टन परत वर निघाला तरी तो थोडा वेळ उघडाच ठेवलेला असतो. का, हे मुंबईची लोकल पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. संध्याकाळी दादरला मागून एवढा रेटा असतो की गाडी हलली तरी माणसं आतच येत राहतात. इंजिन वेगात असतं तेव्हा आत येणाऱ्या मिश्रणालाही तसाच रेटा असतो. पिस्टन वर येत असला तरी ते आत घुसत राहतं आणि सिलिंडर अधिक भरतो. भर दुपारी मात्र रेटा नसतो. तेव्हा दार उगाच उघडं राहिलं तर आत आलेलेही खाली उतरतात. इंजिन मंद असताना व्हॉल्व्ह उशिरा मिटला, तर आत आलेलं मिश्रण वर येणारा पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये ढकलून देतो. एअर फिल्टरच्या तोंडाशी मला दिसलेले पेट्रोलचे शिंतोडे बहुधा तेच होते. मिश्रण कमी उरलं की दाबही कमी, आणि चढावर लागणारा दम तिथंच संपतो.

आकड्यांत मांडायचं तर असं. एखाद्या कॅमवर आत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टन वर पोहोचण्याआधी १६ अंशांवर उघडतो आणि तळाच्या पुढे ५६ अंशांवर मिटतो असं धरू. १६ अधिक १८० अधिक ५६, म्हणजे २५२ अंश तो उघडा राहिला. याला ड्युरेशन म्हणतात. बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह वरच्या टोकापुढे १६ अंशांवर मिटत असेल, तर ३२ अंश दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे थोडे उघडे असतात. हा ओव्हरलॅप. कॅम ‘गरम’ करणं म्हणजे बहुतेक वेळा हे दोन्ही आकडे वाढवणं. त्यानं ताकदीचा माथा वरच्या फेऱ्यांकडे सरकतो आणि खालून तेवढीच ताकद जाते. काकांचा ‘दम वर गेलाय’ हा शब्दप्रयोग या सगळ्या गणितापेक्षा नेमका आहे, म्हणून पुस्तिकेत मी तोच वापरला आहे.

पद्मिनीबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत जास्त तिच्याच बाबतीत पडतो. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या जायच्या, पुढं फियाट आली. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट हीच नावं बदलत १९७४ मध्ये पद्मिनी झाली. तिच्या इंजिनाची मापं मात्र त्याहून कितीतरी जुनी आहेत. ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, १०८९ सीसी : ही मापं १९३७ च्या फियाट ५०८ सी मधली, फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांच्या काळातली. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आखलेलं हे इंजिन ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईत भाडी मारत होतं. त्या महिन्यात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली.

एवढी वर्षं ते टिकलं, त्याचं एक कारण त्याचा सौम्य कॅम आहे असं माझं ठाम मत आहे. सुमारे ४० अश्वशक्तीचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, वर चार प्रवासी आणि कॅरिअरवर बोचकी. अशा गाडीला पाच हजार फेऱ्यांवरच्या ताकदीचा काय उपयोग? तिला सिग्नलवरून न थरथरता निघायचं असतं आणि पेडर रोडचा चढ भरल्या गाडीनिशी चढायचा असतो. मूळ कॅम आखणाऱ्यानं हे नीट ओळखलं होतं. म्हणून पद्मिनीवाल्यांना माझा पहिला सल्ला हाच, की मूळ मापाचा, न झिजलेला कॅम आधी बसवून पाहा. ‘गाडीला पूर्वीसारखा पिकअप राहिला नाही’ म्हणून गरम कॅमच्या मागं लागलेल्या कित्येकांच्या गाडीत मूळ कॅमचे उंचवटेच घासून बसके झालेले असतात.

हे तपासायला फार काही लागत नाही. धाटावच्या एमआयडीसीमुळे आमच्याकडे लेथवाले आहेत. त्यांच्याकडे व्ही-ब्लॉक आणि डायल गेज असतं. एक जुना कॅम तिथं व्ही-ब्लॉकवर ठेवून हातानं सावकाश फिरवला, तेव्हा आठपैकी सहा उंचवट्यांवर गेजचा काटा जवळपास सारखा चढला. तिसऱ्या आणि सातव्यावर तो अर्ध्या मिलिमीटरहून जास्त मागं थांबला. डोळ्यांना ते दोन उंचवटे बाकीच्यांसारखेच दिसत होते. बोट फिरवलं तर टोकावर नखाला अडेल अशी कड लागली. त्यांच्या टॅपेटचा तळ उलटा करून उजेडात धरला, तर मध्यभागी बशीसारखा खळगा पडलेला. नव्या टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो आणि उंचवटाही किंचित तिरपा घासलेला असतो. त्यामुळं चालताना टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. टॅपेट फिरायचा थांबला की एकाच जागी घासतो आणि काही दिवसांत उंचवटा खाऊन टाकतो. म्हणून नव्या कॅमखाली जुने टॅपेट कधीही घालू नयेत. शंभरदा सांगावं असं हे वाक्य आहे.

सोलापूरचा उल्लेख आला तर आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. वालचंदांच्या त्याच गावात १९९२ मध्ये प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सुरू झाली, आणि आज जगातल्या मोठमोठ्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट तिथून जातात. चिल्ड कास्ट आयर्न ही तिथली खासियत. साच्यात जिथं उंचवटे येणार तिथं धातूचे तुकडे आधीच बसवलेले असतात. वितळलेलं लोखंड त्यांना टेकताच झटकन थंड होतं आणि तेवढाच भाग अतिशय कठीण बनतो, बाकीचा दांडा मात्र तुलनेनं मऊ राहतो. कॅम घासून घेण्याच्या आपल्या पद्धतीचा धोका यातून समजतो. घासताना कॅमवर नवा धातू चढत नाही. उंची वाढवायची तर तळाचा गोल लहान करावा लागतो, आणि घासता घासता कठीण थर पातळ होतो. शिवाय तळ लहान झाला की टॅपेट खाली बसतो, पुशरॉड आखूड पडल्यासारखा होतो, रॉकरचा कोन बदलतो. घासणारा जाणकार असेल तर हे सगळं तो आधी मोजतो. मोजलं का, असं त्याला विचारण्यात संकोच वाटू देऊ नका.

आता मसल कारकडे येतो, कारण कॅमचं वेड जगभर पसरवलं ते त्या गाड्यांनी. जनरल मोटर्सनं १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या आणि १९५४ मध्ये ते काम बंद केलं. त्याच कंपनीच्या शेवरलेचं प्रसिद्ध छोटं व्ही-८ इंजिन १९५५ च्या मॉडेलबरोबर आलं. एका वर्षाचं अंतर पडलं, आणि त्या इंजिनाशी आपल्या मिस्त्रींची घसट कधी झालीच नाही. १९६४ च्या पाँटियॅक जीटीओनं मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं इंजिन घातलं आणि मसल कारचा जमाना सुरू झाला. तशा काही गाड्या आज मुंबई-पुण्याच्या संग्राहकांकडे आहेत. आपल्याकडची पोरं कॉन्टेसाला मसल कार म्हणतात. तिची रुंद छाती पाहून ते म्हणावंसं वाटतंच, पण सुरुवातीच्या कॉन्टेसात १४८९ सीसीचं साधं पुशरॉड इंजिन होतं आणि तिला कॅम निवडताना पद्मिनीचेच नियम लागतात.

व्ही-८ वाल्यांचा सगळा जीव उभ्या गाडीच्या त्या ‘धड-धड-धड’ आवाजात असतो. माझाही त्या आवाजावर जीव आहे. तो येतो ओव्हरलॅपमधून. मंद फेऱ्यांत दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहिले की जळलेला धूर परत आत शिरतो, मिश्रण पातळ होतं, आणि एक घाव नीट पेटतो तर दुसरा अर्धवट. आवाज म्हणून तो कितीही मोहक असला तरी इंजिन मंद असताना नीट जळत नाही याचीच ती खूण आहे. त्याच वेळी मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो. मूळ कॅमवर तो १७ ते २० इंच असतो, फार गरम कॅमवर १०-१२ वर येतो, आणि व्हॅक्यूमवर चालणारे पॉवर ब्रेक जड होतात. दीड टनाची गाडी आणि ब्रेक पुरेसा लागत नाही, हे पुण्याच्या रहदारीत कुणी अनुभवू नये. अशा इंजिनाला रस्त्यासाठी १.२७ मिलिमीटर उचलीवर मोजलेलं २१० ते २२० अंशांचं ड्युरेशन आणि ११० ते ११४ अंशांचं लोब सेपरेशन, म्हणजे आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या लोबच्या माथ्यांमधला कोन, भरपूर झालं. कॅमसोबतच्या कागदावर ड्युरेशन कोणत्या उचलीवर मोजलंय ते आधी वाचा. एका कंपनीचा २७० आणि दुसरीचा २२० हे प्रत्यक्षात एकच कॅम असू शकतात.

रायगडात जुन्या पेट्रोल जीपही बऱ्याच आहेत. महिंद्राच्या त्या जीपमधलं हरिकेन इंजिन वेगळ्या घडणीचं आहे : आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, आणि दोन्हींना हलवणारा कॅम एकच. त्यासाठी पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे; इथं एवढंच सांगतो, की शेतातून, गाळातून ओढणाऱ्या जीपचा खालचा दम घालवणारा कोणताही बदल करू नये.

निवड करताना मी कोणत्या क्रमानं विचार करतो तेही सांगतो, कारण पुढची प्रकरणं त्याच वाटेनं जातात. आधी रस्ता पाहतो. एक आठवडा गाडी नेहमीसारखी चालवून कोणत्या गिअरात किती वेळ जातो ते लिहून काढतो. आमच्या भागात, रोहा-कोलाडवर खड्डे आणि कंपन्यांच्या बस, हायवेला कंटेनर, पावसाळ्यात सगळीकडे पाणी; तीन हजारांच्या वर इंजिन दिवसातून पाच मिनिटंसुद्धा जात नाही. मग गिअर आणि डिफरन्शियलचं प्रमाण, त्यानंतर कॉम्प्रेशन. कमी कॉम्प्रेशनच्या जुन्या इंजिनात उशिरा मिटणारा कॅम घातला तर उरलासुरला दाबही जातो. कार्बोरेटर आणि सायलेन्सर मूळचेच असतील तर वरच्या फेऱ्यांची ताकद त्यांतून यायला वाटच नसते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मऊ झाल्या असतील तर वाढवलेली उचल त्या सांभाळत नाहीत. या सगळ्या हिशेबातून जो कॅम निघतो तो जवळजवळ नेहमी मनात धरलेल्या कॅमपेक्षा एक पायरी सौम्य असतो. तोच घ्यावा. आजवर सौम्य कॅम घेऊन पस्तावलेला माणूस मला भेटलेला नाही, गरम कॅम घेऊन पस्तावलेले बरेच भेटले.

कायद्याचाही विचार करावा लागतो. जुन्या पेट्रोल चारचाकीला पीयूसीत उभ्या इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे. मोठ्या ओव्हरलॅपचं इंजिन उभं असताना न जळलेलं पेट्रोल बाहेर टाकतं आणि तिथंच अडतं. ज्यांना पुढंमागं पेणच्या आरटीओत गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे, त्यांनी जुलै २०२१ चे केंद्राचे नियम वाचावेत. पन्नास वर्षांहून जुनी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडीच त्यात बसते, आणि तशी नोंद झाली की ती रोजच्या वापराला काढता येत नाही. मूळ कॅम काढलात तर तेल लावून, कापडात गुंडाळून जपून ठेवा. भंगारात घालू नका.

बसवण्यावर सर्वांत मोठं प्रकरण आहे, कारण उत्तम निवडलेला कॅम चुकीचा बसवला तर सगळं पाण्यात जातं. कॅमच्या स्प्रॉकेटला ४० दात असले तर चेनचा एक दात चुकणं म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. खुणा जुळल्या म्हणून समाधान मानू नये. चेन ताणलेली असेल तर खुणा जुळूनही टायमिंग मागं राहतं. अंशांची चकती लावून मोजलंच पाहिजे. आणि पहिल्यांदा चालू करताना इंजिन मंद ठेवू नये. लोबना मॉलिब्डेनमची पेस्ट लावून, चालू होताच दोन हजार फेऱ्यांवर घेऊन वीस मिनिटं चालू द्यावं. मंद इंजिनात क्रँकनं उडवलेलं ऑईल कॅमपर्यंत पुरेसं पोहोचत नाही, आणि नव्या लोबचं आयुष्य त्या वीस मिनिटांत ठरतं.

माझ्या पद्मिनीत आता मूळ मापाचा कॅम आहे, नव्या टॅपेटसकट. भिसे खिंड ती पुन्हा तिसऱ्यात चढते.

ही पुस्तिका वाचून कुणी लगेच कॅम मागवायला निघाला तर त्याला माझी एकच विनंती आहे. पैसे देण्याआधी आपल्या गाडीतला कॅम बाहेर काढा, एखाद्या लेथवाल्याकडे न्या आणि आठही उंचवटे मोजून आकडे वहीत लिहा. मापं घेण्याची रीत पहिल्याच प्रकरणात दिली आहे.

वरसे, ता. रोहा, जि. रायगड